शिरूरात शिरूरकर नसतो

लातूरच्या बसस्थानकावर ‘शिरूरची गाडी कुठं लागते’ असे विचारणाऱ्या परगावच्या प्रवाशाला उत्तरादाखल बहुधा उलटा प्रश्नच ऐकावा लागतो, ‘कोणतं शिरूर? ताजबंद का अनंतपाळ?’ एकाच जिल्ह्यात ही दोन शिरूरे असून त्यांपैकी ताजबंद हे अहमदपूर तालुक्यात मोडते, तर अनंतपाळ हे १९९९ साली निराळा तालुका होऊन स्वतःच तहसील कचेरीचे ठाणे बनले आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, पुणे जिल्ह्यात घोडनदीचे शिरूर आहे, आणि कर्नाटकाच्या हद्दीत पाऊल टाकले की या नावाची गावे आणखी भेटू लागतात. नावाच्या शेवटी असलेला ‘ऊर’ हा कन्नड-तेलुगूंतला गाववाचक शब्द लातूर, चाकूर, देगलूर या नावांतही तसाच बसलेला असल्यामुळे, आणि हा सगळा मुलूख भाषावार सीमा आखल्या जाण्याच्या फार पूर्वीपासून एक असल्यामुळे, एका नावाची अनेक गावे निघावीत यात नवल नाही. नवल वाटते ते लोकांनी त्यावर काढलेल्या तोडीचे. गावांनाही त्यांनी माणसांप्रमाणे दुसरे नाव दिले, आणि ते दिले ते गावात वापरण्यासाठी मुळीच नव्हे. साकोळचा किंवा उजेडचा शेतकरी कचेरीच्या कामाला निघतो तेव्हा नुसते ‘शिरूरला जाऊन येतो’ एवढेच म्हणतो. ‘अनंतपाळ’ हा शब्द त्याच्या तोंडी येत नाही. तो शब्द लागतो लातूरच्या फलाटावर.

आडनावांच्या उगमाचा आणि अर्थाचा विचार आपल्याकडे बराच झालेला आहे. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत गावकामगारांच्या व वतनांच्या नावांचे अर्थ नोंदलेले सापडतात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथाने पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि बलुतेदार या शब्दांमागचा सगळा संसार उभा केला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी नामादि शब्दांच्या व्युत्पत्ती खणून काढण्यात आयुष्यातली कितीतरी वर्षे वेचली, आणि कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्या १९४६ च्या व्युत्पत्तिकोशाने त्या खणण्याला भाषाशास्त्राची शिस्त आणली. या सर्व उद्योगाविषयी पूर्ण आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते की आडनावाचा ‘अर्थ’ शोधताना आपली दृष्टी नेहमी शब्दाच्या पोटात शिरते, आणि तो शब्द कोणी, कोणाला उद्देशून, कोणत्या जागी उभे राहून उच्चारला हा प्रश्न मागे राहतो. आडवाट, आडगाव, आडरान यांतला जो ‘आड’ तोच आडनावात दिसतो, आणि शेजारच्या कन्नडातही आडनावाला ‘अड्डहेसरु’ असाच बाजूचे, आडवे नाव सुचवणारा शब्द आहे. मुख्य नावाच्या वाटेवरून न चालता बाजूने येऊन चिकटलेले हे नाव असून, ते चिकटवणारा माणूस सहसा बाहेरचा असतो. शिरूरात शिरूरकर कोणी नसतो. ज्या गावात सगळेच शिरूरचे, तिथे कोणाला शिरूरकर म्हणून हाक मारण्याने ओळख ती काय पटणार? शिरूर सोडून जो उदगीरला दुकान घालतो, हैदराबादला वकिली करतो किंवा पुण्यात बिऱ्हाड थाटतो, तो तिथल्या लोकांच्या तोंडी शिरूरकर होतो. म्हणून ‘कर’ लागलेले प्रत्येक आडनाव हा एका निघून जाण्याचा दाखला समजावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या मताला सर्वांत जुना पुरावा मिळतो तोही लातूरच्याच नावाचा. राष्ट्रकूट घराण्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. परंतु या राजांच्या बिरुदावलीत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, असे एक बिरुद अभिमानाने कोरलेले आढळते, आणि हे लट्टलूर म्हणजेच लातूर असे अभ्यासक मानतात. अमोघवर्षाच्या कारकिर्दीतील इ. स. ८६६ च्या ज्या कन्नड शिलालेखात हे बिरुद येते तो धारवाडकडच्या शिरूर नावाच्या गावी मिळालेला आहे, हा योगायोग मोठा मौजेचा. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की लातूरचे नाव मिरवणारे हे राजे त्या वेळी लातुरात नांदत नव्हते. घराणे मूळ ठिकाणाहून उठले, दूर जाऊन थोर झाले, आणि मग मूळ ठिकाण त्याच्या नावाला चिकटून राहिले. साध्या मराठीत सांगायचे तर नवव्या शतकातले हे लातूरकर मळखेडला राहत होते.

इटलीतल्या कुलनामांचा इतिहास पाहिला तर तिथेही हीच रीत दिसते. १४५२ साली विंची या टस्कनीतल्या गावाजवळ जन्मलेला लिओनार्दो फ्लॉरेन्स आणि मिलान येथे गाजला, आणि ‘दा विंची’, म्हणजे आपल्या भाषेत ‘विंचीकर’, या ओळखीने जगाला ठाऊक झाला. विंचीतच राहिलेल्या त्याच्या शेजाऱ्यांना या ओळखीचा काडीइतकाही उपयोग नव्हता. लोंबार्डो हे उत्तरेकडच्या लोंबार्डीचे नाव सांगणारे आडनाव पार दक्षिणेला सिसिलीत विपुल आढळते, आणि तेदेस्को म्हणजे ‘जर्मन’ हे आडनाव इटालियन माणसाचे असते. फरक एवढाच की तिकडे १५६३ साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर प्रत्येक चर्चच्या हद्दीत जन्म-विवाहांच्या नोंदवह्या ठेवण्याची सक्ती आली आणि तोंडी फिरणारी नावे शाईत गोठली. आपल्याकडे ते काम त्यानंतर पुष्कळ काळाने, आणि धर्मगुरूऐवजी महसुली कारकुनाच्या व शाळामास्तराच्या हातून झाले.

‘कर’ प्रत्यय कोकणात आणि गोमंतकात जितका फोफावला तितका मराठवाड्यात नाही. दीनानाथांनी गोव्यातील मंगेशीच्या नावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले आणि ते अजरामर झाले ते इंदूरला १९२९ साली जन्मलेल्या लताबाईंमुळे. नाव मंगेशीचे आणि सूतिकागृह माळव्यातले, हे आमच्या सिद्धान्ताशी जुळणारेच आहे. आमच्या भागातली उदाहरणे मोजकी पण ठसठशीत आहेत. निलंग्याचे ते निलंगेकर, औशाचे ते औसेकर, देगलूरचे ते देगलूरकर, कंधारचे ते कंधारकर. शब्द आकारान्त असला की शेवटच्या ‘आ’चा ‘ए’ होतो आणि व्यंजनान्त असला की प्रत्यय सरळ जोडला जातो, हे व्याकरण कोणी शिकवल्याशिवाय गावोगावच्या जिभेने पाळले आहे. वारकरी संप्रदायात तर या नावांना फार मान. फडावर उभा राहिलेला कीर्तनकार आपल्या गावच्या नावानेच ओळखला जातो, आणि धुंडामहाराज देगलूरकर हे नाव घेतले की देगलूर न पाहिलेल्या माणसालाही ते गाव पाहिल्यासारखे वाटते. माणसांचेच कशाला, जनावरांचेही तसेच आहे. अंगावर काळ्या-पांढऱ्या डागांची देवणी आणि तांबूस रंगाची लाल कंधारी या गोवंशांची नावे गावांचीच, आणि ती दूरच्या बाजारांत दावणीला बांधलेल्या बैलांना घेणाऱ्यांनी दिलेली. खुद्द देवणीतला शेतकरी आपल्या बैलाला वानेरा, बालंक्या असल्या अंगरंगाच्या नावांनी निरखतो. त्याला सगळेच बैल देवणी.

आता दुसऱ्या, आणि या मुलखात अधिक वजनदार ठरलेल्या, वर्गाकडे वळू. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले, जोशी, पोतदार, इनामदार, काझी, मुजावर ही सगळी आडनावे गावात राहिलेल्यांची आहेत. नुसती राहिलेल्यांची म्हणून चालणार नाही, तर राहण्याचा हक्क असलेल्यांची आहेत. ‘कर’ जर जाण्याचा दाखला, तर ही राहण्याची सनद. पाटील हा शब्द जुन्या संस्कृत लेखांतल्या ‘पट्टकिल’ या रूपापासून आला, जोशी हा ज्योतिषी झिजून झाला, देशमुख म्हणजे देशाचा, म्हणजे परगण्याचा, मुख्य, हे सारे खरे असले तरी या नावांचे मर्म शब्दात नसून वतनात आहे. वतन म्हणजे कामाच्या मोबदल्यात वंशपरंपरेने मिळालेली जमीन, मानपान आणि हक्क. पोळ्याच्या दिवशी वेशीतल्या तोरणाखालून आधी कोणाचा बैल जायचा इथपासून ते होळीची पहिली पोळी कोणाची इथपर्यंत त्या हक्कांचा विस्तार, आणि असल्या मानासाठी पिढ्यान् पिढ्या चाललेली भांडणे जुन्या निवाड्यांत आणि महजरांत आजही वाचायला मिळतात.

या महजरांच्या शेवटी नजर टाकली तर आडनावाच्या आधीचे आडनाव कसे होते ते डोळ्यांना दिसते. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी सही केली आहे. ज्यांना येत नव्हते त्यांच्या नावापुढे त्यांची निशाणी काढलेली आहे. पाटलाच्या नावापुढे नांगर, सुताराच्या नावापुढे वाकस किंवा किंकरे, न्हाव्याच्या पुढे आरसा, परटाच्या पुढे मोगरी. ती वेडीवाकडी रेघ पाहिली, तो दोन बोटांएवढा नांगर नीट न्याहाळला, की ध्यानात येते की हे चित्र म्हणजे त्या माणसाचे गावगाड्यातले स्थान असून, त्याच्या नावाइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, त्याला ओळखणारे आहे. पुढे लिपी आली, छापील रकाने आले, आणि नांगराची जागा ‘पाटील’ या तीन अक्षरांनी घेतली. बदलली ती खूण; ती ज्याची निशाणी होती तो हक्क तोच राहिला.

मात्र एक गोष्ट इथे नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याविषयी सुशिक्षितांतही गैरसमज आढळतो. वतन हे रक्तासारखे नव्हते; ते जमिनीसारखे होते. ते वाटता येई, गहाण टाकता येई, विकताही येई. भावाभावांत पाटीलकीच्या पात्या पडत, थोरली पाती आणि धाकटी पाती यांत मानाचे वाद होत, आणि अडचणीत सापडलेल्या पाटलाने निम्मी पाटीलकी परक्याला विकली की तो परकाही कागदोपत्री पाटील होई. देशमुखी मराठ्यांकडे होती तशी ब्राह्मणांकडे, लिंगायतांकडे आणि मुसलमानांकडेही होती. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१ ते १६१५) हे बीदरच्या राजवटीखालील नारायणपेठच्या देशपांडे घराण्यातले. निजामाच्या राज्यात गावच्या वसुलीचा तो मालीपाटील आणि बंदोबस्ताचा तो पोलीसपाटील अशी पदे असल्याने मराठवाड्यातल्या मुसलमान कुटुंबांत ‘पटेल’ हे आडनाव येथवर रुजले आहे की गुजरातेशी त्याचा संबंध जोडणाऱ्याची इथे थट्टा होईल. एकच आडनाव चार जातींत आणि दोन धर्मांत सापडते ते यामुळे. ते वंश सांगायला निघालेलेच नव्हते.

म्हणून तर सोयरिकीच्या बैठकीत या आडनावांवर कोणी थांबत नाही. प्रस्तुत लेखकाने एका बैठकीत ऐकलेला संवाद असा होता. सतरंजीवर पान-सुपारीचे तबक फिरत होते, आणि मुलीकडच्या एका वृद्ध गृहस्थांनी अडकित्ता खाली ठेवून विचारले, ‘पाटील, ते कळलं. पर मूळचे कोण?’

‘बिरादार म्हणतेत आम्हाला गावात.’

‘ते बी कळलं. मूळ?’

‘मूळ जाधव.’

‘देवक?’

‘पंचपालवी.’

एवढे झाल्यावर अडकित्ता पुन्हा हातात आला. तीन उत्तरांत त्या गृहस्थांनी तीन निरनिराळ्या थरांची आडनावे उकरून काढली होती: कचेरीचे पाटील, गावचे बिरादार, कुळीचे जाधव, आणि त्यांच्याही खालचे, ज्याला आडनाव म्हणता येत नाही पण जे सर्वांत निर्णायक, ते देवक. यांतले बिरादार हे आडनाव लातूर, नांदेड, बीदर, विजयपूर या सलग पट्ट्यात इतके दाट आढळते की पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला ते ऐकताच ‘तिकडचे का?’ असे विचारावेसे वाटते. फारशीत बिरादर म्हणजे भाऊ. पाटीलकीच्या वतनातले जे भाऊबंद, जे हिस्सेदार, ते बिरादार, अशी त्याची फोड गावोगाव सांगितली जाते, आणि वतनाच्या पात्या कशा पडत हे पाहता ती पटण्यासारखी आहे.

राहिलेल्यांचे नाव आणि गेलेल्यांचे नाव ही दोन्ही एका माणसाच्या अंगावर चढली की काय होते, हे पाहायला लातूर जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. १९८५-८६ मध्ये मुख्यमंत्रिपदी असलेले शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि लोकसभेचे सभापती व पुढे केंद्रीय गृहमंत्री झालेले शिवराज पाटील चाकूरकर यांची नावे सबंध महाराष्ट्राला पाठ झाली ती या जोडआडनावांसह. मुंबईच्या विधानभवनात आणि दिल्लीच्या संसदेत पाटील म्हणजे रानातल्या बाभळी. त्यांतून हे पाटील कोणते, असे विचारणाऱ्याला निलंग्याचे किंवा चाकूरचे असे उत्तर द्यावे लागले, आणि उत्तराचेच आडनाव झाले. घरचा हक्क पहिल्या शब्दात आणि घराबाहेरची कीर्ती दुसऱ्या शब्दात. विलासराव देशमुखांना हे करावे लागले नाही. त्यांच्या गावाचा उल्लेख ‘बाभळगावचे देशमुख’ असा षष्ठी विभक्तीतच राहिला, प्रत्ययात शिरला नाही.

ज्या हक्कांवर ही नावे उभी होती ते हक्क एकेक करून गेले. १८५३ ते १८८३ या काळात हैदराबादचे दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांनी १८६५ च्या सुमारास जिलाबंदी करून पगारी अंमलदार नेमले, देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसुली काढून घेतली आणि मोबदल्यात त्यांना रुसूम बांधून दिला. तेव्हापासून मराठवाड्यातला देशमुख हा परगण्याचा अधिकारी न राहता खजिन्यातून पैसे घेणारा प्रतिष्ठित गृहस्थ झाला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादचे संस्थान संपले, पाठोपाठ जहागिऱ्या गेल्या, आणि महाराष्ट्र राज्यात १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पदच नष्ट झाले. आज गावचा पोलीस पाटील हा अर्ज व परीक्षा यांतून नेमला जातो, आणि ज्याच्या घराण्यात कधी पाटीलकी आली नव्हती असा कांबळे किंवा सूर्यवंशी आडनावाचा तरुण, अगर एखादी तरुणीही, गावची पोलीस पाटील असते, तर शेजारच्या वाड्यात राहणारे पाटील हे नुसते आडनावाचे पाटील असतात. इटलीत कोंती हे आडनाव लावणाऱ्या हजारो सामान्य माणसांना काउंटपदाची जी आठवण उरली असेल, तेवढीच यांनाही.

आतापर्यंत राहण्याचा हक्क असलेले आणि निघून जाऊन नाव मिळवलेले यांचीच गोष्ट झाली. ज्यांना ना राहण्याची सनद होती ना जाऊन प्रतिष्ठा मिळवण्याची मोकळीक, त्यांच्या आडनावांचा इतिहास कागदात फार विरळ आहे. जुन्या महसुली नोंदींत असा माणूस ‘रामा वल्द लक्ष्मण’ एवढाच येतो. पुढे कौमेचा रकाना येतो, आणि तोच त्याचे आडनाव ठरतो. या मुलखाच्या दक्षिणेला, बसवकल्याणला, बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांनी या गोष्टीला अगदी उलटे वळण दिले होते: होडी चालवणारा अंबिगर चौडय्या, कपडे धुणारा मडिवाळ माचय्या, दोर वळणारा नुलिय चंदय्या, मोळ्या विकणारा मोळिगे मारय्या. धंदा हा कमीपणाचा शिक्का न मानता त्यांनी तो नावाच्या अग्रभागी लावला. मराठी संतमंडळींतही तेरचे गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार हीच रीत दिसते. पण संतांना जे साधले ते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात साधले नाही. तिथे मास्तरांनी विचारले, बापाने जे सांगितले किंवा जे सांगायला सुचले नाही, ते मास्तरांच्या अक्षरात कायम झाले. डॉ. बाबासाहेबांच्या कुटुंबाचे कोकणातल्या अंबडवे गावावरून आलेले अंबडवेकर हे आडनाव शाळेत आंबेडकर झाले, ही कथा सर्वश्रुत आहे. जात सांगणारे आडनाव टाकून गाव सांगणारे आडनाव पत्करणे ही विसाव्या शतकात अनेकांनी जाणूनबुजून निवडलेली वाट होती, आणि शासनाच्या राजपत्रातील नावबदलाच्या नोटिसा हा त्या वाटेचा एक मोठा, अजून कोणी नीट न वाचलेला दस्तऐवज आहे.

लिपीनेही आपला वाटा उचलला. हैदराबाद राज्यात फारशीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा १८८० नंतरच्या दशकात आली, आणि उर्दू लिपीत ‘ळ’ नाही, ‘ण’ही नाही. परिणामी कांबळे हा दफ्तरात कांबले झाला, चव्हाणाचा चौहान झाला, आणि खुद्द अनंतपाळ हे गावनाव अनंतपाल असे उमटले. निजामाच्या काळातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली २०२३ च्या सप्टेंबरात समिती नेमली गेली तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा जो शोध सुरू झाला, त्यामागची अडचण हीच होती: अनेक नोंदींत आडनाव नाही, असले तर ते दुसऱ्या लिपीच्या साच्यातून निघालेले, आणि आजच्या अर्जदाराला ‘वल्द’ची साखळी कडीकडीने जोडून पणजोबांपर्यंत पोचायचे. आडनाव सारखे असणे हा त्या कामी पुरावा होत नाही, ही गोष्ट कितीतरी लोकांना त्या वेळी प्रथमच उमगली.

कुळींच्या नावांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्या विषयावर लिहिणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. जाधव म्हणजे यादव, साळुंके म्हणजे चालुक्य, मोरे म्हणजे मौर्य, कदम म्हणजे कदंब, शेलार म्हणजे शिलाहार, ही समीकरणे ध्वनिदृष्ट्या बव्हंशी सुसंगत आहेत. कल्याणीचे चालुक्य तर आमच्या शेजारचेच. परंतु शब्द राजवाड्यातून आला म्हणजे माणूसही तिथूनच आला, असे त्यातून निघत नाही. राजाच्या प्रदेशात राहणारा, त्याच्या फौजेत लढणारा, त्याच्या सरदाराचे कुळ असणारा अशा कितीकांनी ते नाव पत्करले असेल. बंजारा तांड्यांवर राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही नावे भेटतात आणि मराठा वाड्यांतही यांतली तीन भेटतात. दोहोंचा परस्पर संबंध नुसत्या अक्षरांवरून ठरवू पाहणाऱ्याने जपून असावे. गायी आत घेण्यासाठी कवाड उघडले म्हणून गायकवाड, या धर्तीच्या कथा ऐकायला गोड, पण त्या बहुतेक नाव आधी आणि कथा मागाहून अशा क्रमाने जन्मतात.

टोपणनावांची आडनावे मात्र जगभर एका घाटाची. इटलीतला रोस्सी म्हणजे आपला तांबडे, बियांकी म्हणजे पांढरे, नेरी म्हणजे काळे, वोल्पे म्हणजे कोल्हे, लुपो म्हणजे लांडगे. मेदिची म्हणजे वैद्य, फेरारी म्हणजे लोहार, बार्बिएरी म्हणजे न्हावी. शर्यतीच्या मोटारगाडीवर कोरलेले ते मिरवते नाव घिसाड्याच्या भात्याशी सोयरीक सांगते, हे आमच्या तरुण मंडळींना सांगून पाहावे. नेपल्सकडचे एस्पोझितो हे आडनाव मात्र हसू थांबवणारे आहे: ‘बाहेर ठेवलेला’, म्हणजे अनाथालयाच्या दाराशी सोडून दिलेले मूल. आमच्या भाषेत त्याला जोड नाही, आणि नाही हे बरेच आहे.

आडनाव टाकताही येते. तंजावरास गेलेल्या मराठी देशस्थ घराण्यांत कित्येकांची आडनावे तमिळ रिवाजात विरघळून नुसता ‘राव’ उरला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव (१८२८ ते १८९१) यांचे आडनाव कोणालाच सांगावे लागले नाही. मराठवाड्याच्या मुक्तीचे नेते व्यंकटेश खेडगीकर यांनी संन्यास घेतला तेव्हा घराबरोबर घराचे नावही सोडले. तरी दशनामी परंपरेतले ‘तीर्थ’ हे पद त्यांच्या नावाला लागलेच, आणि नांदेडच्या विद्यापीठावर १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ असे तीन शब्दांचे नाव झळकते आहे. गिरी, पुरी, भारती ही आडनावे लावणारी गोसाव्यांची घरे आमच्याकडे गावोगाव आहेत. ज्या पदाने गृहस्थी संपल्याची खूण करायची, त्याच पदाने त्यांची शेती सातबाऱ्यावर चढलेली आहे.

या सगळ्या आढाव्यात जिचे नाव एकदाही नीट आले नाही ती म्हणजे गावची लेक. जुन्या महजरांत तिची निशाणी अपवादानेच सापडते. तिचे आडनाव लग्नाच्या मांडवात बदलते, आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बापाच्या नावाआधी लावण्याचा नियम शासनाने केला तरी त्या ओळीच्या शेवटी आडनाव येते ते बहुधा बापाचेच. तथापि निघून जाणाऱ्यालाच गावाचे नाव मिळते हा जो नियम आपण वर पाहिला, तो पुरुषांना एखाद-दुसऱ्या पिढीत लागू पडतो, तर हिला प्रत्येक पिढीत. शिरूरची मुलगी औशाला दिली की चार जावांत तिची ओळख ‘शिरूरची’ अशी होते; सण झाला की ती माहेरी येते, आणि उंबऱ्यावरची भाचरे आत ओरडून सांगतात, ‘औशाची आत्या आली!’